सत्तावीस नंबरवरचा ‘ओ’

माझ्या कामाचं नाव सांगितलं की समोरचा माणूस विषय बदलतो. म्हणून काम आधी सांगते, नाव नंतर.

टोमॅटोच्या रोपाच्या पानाचा नखाएवढा तुकडा घ्यायचा. तो निर्जंतुक करून बाटलीत, जेलीसारख्या घट्ट खाद्यावर ठेवायचा. बाटली म्हणजे चक्क जॅमची. सव्वीस वर्षांत आम्हाला तिच्यापेक्षा चांगलं भांडं सापडलेलं नाही. तीन-चार आठवड्यांत तो तुकडा आपण पान आहोत हे विसरतो आणि त्याचा भुसभुशीत गोळा होतो. मूळ नाही, खोड नाही, पान नाही. याला कॅलस म्हणतात. बहुतेक कॅलस पांढरट किंवा हिरवट असतात, काही पिवळे निघतात, आणि नशीब जोरावर असेल तर एखादा केशरी. हा पिवळा-केशरी-तांबडा रंग कॅरोटिनॉइड नावाच्या द्रव्यांचा. गाजरात, झेंडूत, पिकलेल्या टोमॅटोत तीच असतात. एक ग्रॅम गोळ्यात हे द्रव्य किती, ते मोजायचं. कामाचं नाव कॅरोटिनॉइड-मापन. म्हैसूरच्या एका प्रयोगशाळेत सव्वीस वर्षं मी तेच करते आहे.

आमचं घराणं मूळचं रंगाऱ्यांचं. आजेसासऱ्यांचा लष्कर मोहल्ल्यात कापड रंगवायचा धंदा होता. रंग किती चढला हे ते अंगठ्याचं नख बुडवून सांगायचे. मी तेच एका यंत्राला विचारते आणि यंत्र दशांशात उत्तर देतं. घरात सगळ्यांचं मत असं की आजोबांचं काम जास्त जलद होतं.

आमच्याकडे माणसंही एकेक येतात. देवराज मोहल्ल्यातले एक रेशीमवाले आले होते. त्यांच्या साडीचा काठ आणि पदर एकाच रंगाचा आहे असं लेखी हवं होतं, कारण गिऱ्हाईक ऐकत नव्हतं. पिरियापट्टणहून एक तंबाखूवाले गृहस्थ पानांची जुडी काखेत मारून आले आणि म्हणाले, याचा पिवळेपणा मोजून आकडा लिहून द्या, शेजाऱ्याला दाखवायचाय. मी त्यांना समजावलं की इथं टोमॅटोचं काम चालतं. ते शांतपणे म्हणाले की टोमॅटो आणि तंबाखू एकाच कुळातले आहेत, तुम्ही नात्यात भेदभाव करू नका. मुद्दा बरोबर होता. त्यांचं एक पान मी मोजून दिलं.

पण आज सांगायची आहे ती मृणालची गोष्ट. तिच्यात मी एक चूक केली आणि तिच्यामुळे आमची अख्खी प्रयोगशाळा दोन दिवस हवेत तरंगत होती.

मृणाल तासगावकडची. पीएच.डी.साठी आमच्याकडे आली तेव्हा कन्नड अक्षरही ओळखीचं नव्हतं. चार वर्षं तिने शंभराहून जास्त प्रकारचे कॅलस वाढवले, आणि त्यांतला एकच बऱ्यापैकी केशरी झाला. सत्तावीस नंबर. मुदत संपत आली होती. गुरुवारी समितीसमोर सादरीकरण होतं. समितीने ‘लिहायला घ्या’ म्हटलं की प्रबंध, नाही म्हटलं की चार वर्षं घडी घालून परत गावी. सगळा भार सत्तावीस नंबरवर होता.

आता मोजण्याविषयी थोडं. कॅरोटिनॉइडला उजेड सोसत नाही, उष्णता सोसत नाही, हवादेखील सोसत नाही. म्हणून आम्ही भर दुपारी खिडक्यांना काळं कापड लावून, खल बर्फात ठेवून, अंधुक दिव्यात काम करतो. गोळा अ‍ॅसिटोनमध्ये वाटायचा, रंग त्यात उतरवून घ्यायचा, गाळायचा, नळ्यांना चांदीचा कागद गुंडाळायचा आणि यंत्रासमोर धरायचा. यातलं काहीच अवघड नाही. अवघड आहे ते पाणी. कॅलसचे वीस भाग केले तर एकोणीस भाग पाणी असतं. त्यामुळे एक ग्रॅम ओला गोळा आणि एक ग्रॅम वाळवलेला गोळा यांच्या रंगात वीसपट फरक पडतो. तुलना करायची तर सगळे आकडे वाळल्या वजनावर आणावे लागतात. म्हणजे ओला नमुना मोजला असेल तर उत्तराला साधारण विसाने गुणायचं, वाळलेला असेल तर आहे तसं ठेवायचं. आणि नमुना ओला होता की वाळलेला, हे नळीच्या झाकणावर लिहिलेलं असतं. झाकण रुपयाच्या नाण्याएवढं. मावतं एक अक्षर.

ती अक्षरं माझी. प्रयोगशाळेतल्या सगळ्या याद्या, खुणा, चिठ्ठ्या मी ठरवलेल्या. माझ्याकडे याद्यांची एक यादीसुद्धा आहे, त्यावरून हसणाऱ्यांना मी हसू देते. मृणालच्या आधी मी झाकणावर कन्नड अक्षर लिहीत असे. ती आल्यावर पोरीची अडचण होऊ नये म्हणून मी खास तिच्यासाठी तीच अक्षरं देवनागरीत लिहायला लागले. तिला किती बरं वाटलं होतं. मलाही फार बरं वाटलं होतं.

सादरीकरणाच्या आठवडाभर आधी मी सत्तावीस नंबरचे सहा नमुने गोठवून वाळवणाऱ्या यंत्रात वाळवले, झाकणांवर ‘ओ’ लिहिलं, आणि नणंदेच्या मुलीच्या लग्नाला तीन दिवस निघून गेले. एरवी हिशेब मी करत असे; या वेळी रंग मोजणं आणि हिशेब, दोन्ही मृणालने एकटीने केलं.

शनिवारी परत आले तर दारातच म्हैसूर पाक. आणणारे सर. सर म्हणजे आमचे विभागप्रमुख. त्यांना मी अकरा वर्षांत दोनदा हसताना पाहिलं होतं, त्यातलं एक बहुधा दातदुखीचं होतं. ते सर कागदाच्या ताटलीत वड्या घेऊन एकेकाच्या टेबलापाशी जात होते. सत्तावीस नंबरमध्ये साध्या कॅलसच्या साठपट रंग निघाला होता.

साठपट म्हणजे काय हे बाहेरच्यांना कसं सांगू? तुमच्या परसातल्या भेंडीच्या झाडाला एका सकाळी साठपट भेंड्या लागल्या तर तुम्ही काय कराल? आम्ही तेच केलं. स्टोअरमधले गंभीर क्लार्क आपण होऊन नव्या नळ्या देऊन गेले, ज्या मी सहा महिने मागत होते. सरांनी फळ्यावरच्या सूचनेत मृणालच्या विषयापुढे ‘६० पट’ असं स्वतःच्या हाताने लिहिलं. मृणाल तर चालत नव्हतीच, एका टेबलावरून दुसऱ्या टेबलाकडे वाहत होती. मला पाहिल्यावर तिने मिठी मारली आणि म्हणाली, “मॅडम, बाबांना फोन केला. ते डेअरीवर सगळ्यांना सांगून आले.”

शंका कुणाला तरी यायला हवी होती. मला यायला हवी होती. सत्तावीस नंबरचा गोळा फार तर पिकल्या पपईच्या रंगाचा होता. साठपट असता तर तो कुंकवासारखा दिसला असता. मी बाटली हातात घेऊन पाहिलीसुद्धा, आणि स्वतःला सांगितलं की लाल रंग आत असेल. सव्वीस वर्षांच्या अनुभवाने म्हैसूर पाकाची दुसरी वडी उचलली.

रविवारी मी मृणालला घरी जेवायला बोलावलं. सासूबाईंना पाहुणा म्हणजे उत्सव. आमच्या घरातली मराठी म्हणजे निम्मी कन्नड. पिढ्यान्‌पिढ्या इथं राहिल्याने कुठला शब्द कुठला, हे आम्हाला वेगळं करता येत नाही, आणि त्याचं काही अडतही नाही. ही चार पानं लिहिताना तेवढी मी घासूनपुसून मराठी आणली आहे. सासूबाईंनी फोडणी टाकता टाकता मृणालला गच्चीवर पिटाळलं. म्हणाल्या, “वर मिरच्या घातल्यात बघ. ओण मिरच्या तेवढ्या घेऊन ये. हसी मिरच्यांना हात लावू नको.”

मृणाल गेली आणि सूप भरून मिरच्या घेऊन आली. सकाळीच धुऊन पसरलेल्या, लालभडक, पाणी टपकणाऱ्या.

सासूबाईंनी सुपात बोट घातलं. “अय्यो, ह्या हसी की ग. ओण म्हटलं नव्हं मी?”

“हो आजी. ओल्या आणल्या की.”

“ओल्या कशाला? ओण, ओण. कडकडीत. हाताने मोडतात त्या.”

मृणाल सूप घेऊन उभी राहिली. मला वाटलं सासूबाईंचं ऐकून ती गोंधळली. पण ती माझ्याकडे बघत होती.

“काकू,” ती म्हणाली (घरी मी मॅडम नसते), “ओण म्हणजे वाळलेलं?”

मी हो म्हटलं. कन्नडमध्ये ओण म्हणजे वाळलेलं, हसी म्हणजे ओलं. यात विचारण्यासारखं काय, असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं.

“झाकणावरचा ‘ओ’,” मृणाल हळू म्हणाली, “मी ओला समजत होते.”

मी लिपी बदलली होती, भाषा बदलायची राहून गेली होती. ‘ओ’ म्हणजे माझं ओण आणि तिचं ओलं. वाळवलेल्या सहाही नमुन्यांना तिने ओले समजून विसाने गुणलं होतं; साध्या कॅलसचा आकडा मात्र माझ्या वहीतला जुना, वाळल्या वजनावरचाच घेतला होता. आणि जुन्या वह्यांतला ‘ह’? तो तिला कधी वापरावा लागला नव्हता, पण मी विचारलंच. म्हणाली, तो मी ‘हवेत वाळवलेला’ असा समजत होते. म्हणजे पोरीने माझी खूण उलटी वाचली होती, पण इतकी पक्की आणि बिनचूक उलटी, की तिला दोष द्यायला फटसुद्धा नव्हती. दोष सगळा माझ्या चांगुलपणाचा.

सासूबाईंना काय झालं ते सांगितल्यावर त्या पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की फोडणी करपली. मग मृणालला हसू फुटलं. मग मला. तिघी करपलेल्या मोहरीच्या धुरात खोकत आणि हसत उभ्या होतो, आणि हसता हसता मृणालचं हसू थांबलं.

“काकू, साठ खोटे निघाले. भागिले वीस, तीन उरतात. तेही खोटे निघाले तर?”

 मी तिला जेवायला वाढलं.

सोमवारी सकाळी सरांच्या खोलीत मी आधी गेले, मृणालला बाहेर ठेवून. झालेली चूक नोंदवणारा कागद मी आदल्या दिवशीच तयार केला होता: काय झालं, कुणामुळे, कुठे कुठे परिणाम. ‘कुणामुळे’समोर माझं नाव. सरांनी नळी हातात घेतली, झाकणावरचं अक्षर पाहिलं आणि म्हणाले, ओण, मग यात चूक काय आहे? सर कन्नड, शिवाय मुंबईला शिकल्यामुळे देवनागरी त्यांना सहज वाचता येते. त्यांना खूण अगदी बरोबर वाटत होती. मग मी मराठीतलं ‘ओलं’ समजावून सांगितलं.

“म्हणजे आमचं जे वाळलेलं, ते तुमचं ओलं,” सर म्हणाले. “आणि तुम्ही लोक इतकी वर्षं इथं राहताय?”

आणि ते हसायला लागले. दातदुखीचं हसणं नव्हतं हे. चष्मा काढून टेबलावर ठेवावा लागला. बाहेर मृणालला वाटलं आत कुणाला तरी झटका आला.

पण हसून झाल्यावर सरांनी चष्मा घातला आणि ते पुन्हा सर झाले. मी म्हटलं, साठला विसाने भागून तीनपट लिहूया. त्यांनी ते साफ नाकारलं. वीस हा साधारण आकडा आहे, सत्तावीस नंबरमध्ये नेमकं पाणी किती ते कुणी पाहिलंय? शिवाय ज्या मोजणीत एक चूक सापडली तिच्यात दुसरी नसेलच कशावरून? सगळं नव्याने. साधा कॅलस आणि सत्तावीस नंबर, दोन्ही ओले मोजायचे, दोन्ही वाळवून मोजायचे, आणि पाणी वेगळं मोजायचं. दोन वाटांनी आलेलं उत्तर जुळलं तर गुरुवारी उभं राहायचं. नाही जुळलं तर समितीला सांगायचं की आमच्याकडे दाखवण्यासारखं काही नाही.

बाटल्यांत कॅलस शिल्लक होता, तेवढं दैव चांगलं. वाळवण्याचं यंत्र सोमवारी दुपारी भरलं ते बुधवारी सकाळी उघडलं. नळ्यांवर कुठलीही खूण करायची नाही असं सरांनी मला बजावलं. नुसते आकडे, तेही त्यांनीच टाकले. कुठल्या आकड्याखाली काय आहे त्याची चिठ्ठी त्यांच्या खिशात. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या प्रयोगशाळेत यादी दुसऱ्याकडे होती. माझा जीव कसा होत होता ते याद्या करणारेच जाणतील.

बुधवारची दुपार मी विसरणार नाही. बाहेर रखरखीत ऊन, आत काळ्या कापडाचा अंधार. मृणाल वाटत होती, मी गाळत होते, आणि सर बर्फाची बादली घेऊन लग्नातल्या वाढप्यासारखे मागे उभे होते. कुणी काही बोललं की तिघांना हसू फुटायचं. सरांनी विचारलं, बर्फ ओला देऊ की ओण? त्यावर मृणालला इतकं हसू आलं की तिने खल खाली ठेवला आणि भिंतीला टेकली. ते हसणं आनंदाचं नव्हतं, हे तिघांनाही कळत होतं. गाळलेल्या रसात पेट्रोलियम ईथर आणि पाणी मिसळलं की फनेलमध्ये रंगाचा थर पाण्यावर चढत होता. काही नळ्यांत फिका लिंबासारखा, काहींत गडद. कुठली कुणाची, माहीत नाही.

यंत्र एकेक आकडा देत गेलं. मी लिहीत गेले, मृणालने हिशेब केला, मीही वेगळा केला. मग सरांनी खिशातली चिठ्ठी काढली आणि टॉर्चच्या उजेडात वाचली.

ओल्या वाटेने सत्तावीस नंबर साध्याच्या तीनपटीला थोडा वर. वाळल्या वाटेने तीनपटीला थोडा खाली. मृणालने कागद माझ्याकडून घेतला, परत वाचला, परत दिला, परत घेतला. सर नुसतं म्हणाले, “जुळलं.” मग ते बाहेर फळ्यापाशी गेले, ‘६०’वर रेघ मारली, शेजारी ‘३’ लिहिलं आणि त्याखाली बँकेच्या चेकवर करतात तशी सही केली.

गुरुवारी समितीत बाहेरून आलेल्या एक बाई होत्या. त्यांच्या प्रश्नांनी मुलं रडतात अशी ख्याती. फळ्यावरची खाडाखोड त्यांनी येतानाच वाचली होती. मृणालने सुरुवातच मिरच्यांपासून केली. मी मागच्या रांगेत माझ्या नावाचा उल्लेख यायची वाट बघत बसले. तो आला, पण तिने तो असा केला की मॅडमनी माझ्या सोयीसाठी लिपी बदलली. समिती हसली. त्या बाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं की ओलं आणि वाळलेलं दोन्ही का मोजलं, लोक एकच मोजतात. मृणाल म्हणाली, आधीचा आकडा खोटा निघाला होता, म्हणून या वेळी एका वाटेवर विश्वास ठेवता येत नव्हता. बाईंनी पाण्याचे आकडे मागितले, तिने दिले. दोन्ही वाटांचा फरक मागितला, तो दिला. मग बाईंनी पेन बंद केलं. चूक झाली नसती तर हे दुहेरी मोजमाप आम्ही केलंच नसतं, आणि त्या दिवशी त्या बाईंनी सगळ्यात जास्त वेळ त्याच पानावर घालवला. माझी चूक मला त्यामुळे कमी वाटते असं नाही. नव्या नळ्यांवर मी आता अख्खे शब्द लिहिते, मोठ्या झाकणाच्या नळ्या मागवून.

आम्ही दोघी बाहेर व्हरांड्यात थांबलो. दहा मिनिटांनी सर आले आणि कन्नडमध्ये म्हणाले, लिहायला घ्या.

मृणालने दोन उड्या मारल्या, तिसरी मारता मारता तिला वडील आठवले. फोन लावला, स्पीकरवर टाकला. तिच्या वडिलांचं बेदाण्याचं शेड आहे, सारा जन्म द्राक्षं वाळवण्यात गेलेला. ते पहिल्यांदा आनंदाने काहीतरी बोलले ते आम्हाला वाऱ्यामुळे कळलं नाही. मग तिने सांगितलं की साठ नाही, तीनपट.

“अगं, डेअरीवर साठ सांगून झालंय,” वडील म्हणाले. “आता काय सांगू लोकांना?”

“सांगा, वाळल्यावर तीन उरले.”

पलीकडे माणूस मनात हिशेब करत होता.

“साठाचे तीन म्हणजे विसाला एक,” ते म्हणाले. “आमच्याकडे चार किलो द्राक्षांना किलोभर बेदाणा पडतो. पोरी, पास झालीस ते चांगलं केलंस, पण तुमचं पीक फारच पाणचट आहे.”